खाली कोणी नाही

गोकुळदास भाटकारांनी आम्हाला खोली भाड्याने दिली तेव्हा विहीर दाखवली, संडास दाखवला, दाराची कडी लावून दाखवली. पाणी कुठून येतं ते दाखवलं नाही. ते आमचं आम्हाला पहिल्या पावसाळ्यात कळलं.

मी मालती. आमचं मूळ गाव सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या पलीकडे. आमच्या काजूच्या बागेतून गोव्याची हद्द दिसते. नवरा गोपाळ सुर्ल्याला खाणीवर राखणदार, मुलगा निलेश ट्रकवर ड्रायव्हर. आम्ही राहतो डिचोली तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या कोणीतरी दारात येऊन उभा राहील. मला भांडायचा कंटाळा आलाय अशातला भाग नाही, पण सुनेला उगाच ताप नको.

आम्ही राहतो त्याला खालचा वाडा म्हणतात. पूर्वी ते भाटकारांचं भाताचं शेत होतं; भाटकार म्हणजे जमीनमालक. पावसाळ्यात बाजारात पाणी चढलं की बांध फोडून ते या शेतात सोडायचे. भात दोन-चार दिवस पाण्यात उभं राहायचं आणि परत डोकं वर काढायचं. मग खाणी जोरात चालू झाल्या, ट्रक आले, ट्रकांच्या मागून आम्ही आलो, आणि भाटकारांना उमगलं की भातापेक्षा माणसं लावलेली बरी. शेतात चिऱ्यांच्या खोल्यांच्या ओळी उठल्या, वर कौलं. पीक बदललं, पाणी सोडायची रीत मात्र तीच राहिली.

नाही म्हणायला सुधारणा झाली. गोवा राज्य झालं, सरकारात पैसा आला आणि आमच्या नदीला काँक्रीटची भिंत मिळाली. बांधाच्या जागी लोखंडी दारं बसली, चाक फिरवलं की वर-खाली होणारी. उद्घाटनाला मांडव घातला, मंत्री आले, म्हणाले, आता हे शहर पुरातून सुटलं. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या, बावळटासारख्या. शहर म्हणजे बाजार, हे मला मागाहून समजलं. नदी चढली की नदीकडचं दार लावून घेतात, नाहीतर नदीच बाजारात शिरेल. पण मग बाजारात पडलेलं पावसाचं पाणी तिथेच साठतं. ते काढायला नाल्यावर दुसरं दार आहे. ते आमच्याकडे उघडतं.

दर पावसाळ्यात ते थोडंसं उघडायचे. दारावरचा माणूस शांताराम. तो रोजंदारीवर आहे, पण आधी भिंतीवर उभा राहून हाक मारायचा, म्हणजे आम्ही पीठ, कपडे, पोरांची पुस्तकं खाटेवर चढवायचो. पाणी घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत यायचं. आम्ही बोंब मारायचो. भाटकार हसून म्हणायचे, "वर्साचें एक फावट, कितें जाता?" ते नगरसेवक होते, दाराचा हुकूम त्यांचाच चालायचा, बाजारातलं भुसार दुकान आणि त्यामागचं गोदामही त्यांचंच होतं. वर्षातून एकदा काय होतं ते त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

हेच भाटकार भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा आम्हाला ट्रकात भरून मोर्चाला घेऊन गेले होते. मराठीच्या बाजूने घोषणा द्यायला माणसं कमी पडत होती. तेव्हा आम्ही "आमचीं माणसां" होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो, परत येताना पाव-भाजी मिळाली. रेशनकार्ड मागायला गेलो की आम्ही भायले, बाहेरचे. पाणी सोडायचं असलं की आम्ही कोणीच नाही. माणसाला इतक्या पटापट बदलता येतं हे मला गोव्यात येऊन कळलं.

आता चवथीचं सांगते. आमचा माणूस दिवाळीला कामावर राहील, लग्नाला राहील, पण गणेश चतुर्थीला तो गावच्या घरी असायलाच हवा. आदल्या दिवशी खालचा वाडा रिकामा होतो. दारांना कुलपं लागतात, बोचकी आणि पोरं काखेला मारून सगळे हद्दीपलीकडे जातात, आणि कुत्री खायला मिळेल म्हणून बाजारात मुक्काम हलवतात. हे बाजाराला ठाऊक आहे. दूधवाला आमच्याकडे फिरकत नाही, पावाची सायकलही येत नाही.

त्या वर्षी आम्ही गेलो नव्हतो, कारण आमच्या घरात सोयर होतं. सुतक मरणाचं असतं, सोयर जन्माचं. माझी सून कोमल बाळंत झाली होती. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडे. मुलगी झाली, कोमलच्या रंगाची आणि निलेशच्या नाकाची. अजून बारसं व्हायचं होतं. सोयर सगळ्या भावकीला लागतं, त्यामुळे गावच्या घरातसुद्धा गणपती बसला नाही. मग ओल्या बाळंतिणीला बसमध्ये हिसके देत नेऊन करायचं काय?

सोयर असलं की देवाला हात लावायचा नाही, देवळात जायचं नाही, आणि ज्या घरात गणपती बसलाय त्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. बाळंतिणीला तर शिवायचंसुद्धा नाही. मी भाटकारांच्या घरी भांडी-लादी करते, चवथीच्या आधी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसते. मुलगी झाल्याचं कळलं तसे भाटकार मला वाटेत दिसले, झटकन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेले आणि तिथून ओरडले, "मालती, तुमचें सुयेर मगो! चवथ सोंपसर तूं घरा येवं नाका हां!"

"होय भाटकार," मी म्हटलं. मला राग आला नाही. रीत आहे, मीही पाळते. रागाचं पुढे आहे.

चवथीच्या दिवशी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तसा तो आठवडाभर कोसळत होता. निलेशचा ट्रक चोर्ला घाटात दरड पडली म्हणून पलीकडे अडकला होता, गोपाळ सुर्ल्याला, आणि मधला रस्ता पाण्याखाली. मोबाईल लागत नव्हता. दुपारची जेवणं झाली, कोमल बाळाला घेऊन खाटेवर पडली होती, आणि मी बाळाच्या शेकासाठी शेगडीत निखारे घालत होते. पाय ओले लागले म्हणून खाली बघितलं तर उंबऱ्यावरून पाणी आत आलेलं. तांबडं, खाणीच्या मातीचं, साईसारखं दाट. बघता बघता शेगडीत शिरलं आणि निखारे विझले.

मला वाटलं, नदीने भिंत फोडली. बाहेर येऊन बघते तर भिंत जागच्या जागी. नाल्यावरचं दार मात्र पुरतं वर उचललेलं, आणि बाजाराचं सगळं पाणी तिथून धबाधब आमच्या अंगावर येत होतं. एवढं उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. धावत भिंतीच्या पायऱ्या चढले. वर शांताराम प्लास्टिक पांघरून बसला होता. मला बघून त्याच्या तोंडातली विडी पडली.

"मालती? तूं हांगां?"

"मग खय असतलंय? दार उघडलंस, हाक तरी मारूची!"

"अगो, भाटकारान सांगलें पुराय उगड म्हूण. खाला कोण ना, सगळे गांवाक गेल्यात."

"मी काय तुका भूत दिसतंय? माझी सून बाळातीण पडली हा खोलयेत. लाव आदी दार."

तो उठला, चाकाला हात लावला आणि परत काढला. "म्हजें काम वतलें गो," तो म्हणाला. "भाटकाराक विचार. तांणी सांगलें जाल्यार हांव आत्तां लायतां."

त्याच्यावर ओरडून काय उपयोग होता? उद्या त्याला घरी बसवलं तर त्याची पोरं मी थोडीच पोसणार होते. मी खाली आले तोवर पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि खाटेखालची ट्रंक तरंगायला लागली होती. कोमलला उठवलं. टाके अजून ओले, पाऊल टाकताना ती कळवळत होती. बाळाला माझ्या लुगड्यात गुंडाळलं, वरून पिठाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, फक्त तोंड उघडं. कोमलला काखेत धरून मी बाजाराकडे निघाले. मला कोणाच्या घरी आसरा नको होता. मला माझी खोली हवी होती, आणि तिच्यासाठी एक लोखंडी चाक थोडंसं उलटं फिरवायला हवं होतं. त्या दिवशी माझं मागणं तेवढंच होतं.

भाटकारांचं घर बाजाराच्या त्या टोकाला. मध्येच कोमलला घेरी आली. शाळेच्या पडवीत टेकावं म्हटलं तर फाटकाला कुलूप, हेडमास्तर आपल्या गावी चवथीला. दवाखाना पुलापलीकडे आणि पुलावरून पाणी. विनोदिनी टीचरचं घर समोर होतं. तिने माझ्या निलेशला शिकवलंय, भली बाई आहे. मी दार वाजवलं. साखळी न काढता तिने फटीतून बघितलं, बाळाचं तोंड बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मालती, घरांत देव बसला गो. मांय आयकची ना," ती म्हणाली. मांय म्हणजे तिची सासू.

"टीचर, घटकाभर फक्त पडवीत."

ती आत गेली, छत्री घेऊन आली, दार किलकिलं करून छत्री पायरीवर ठेवली आणि मागे सरली. मग मी ती उचलली. म्हणजे माझा हात तिच्या हाताला लागू नये. टीचर रडत होती. रडणं दारातून बाहेर आलं, दार काही उघडलं नाही. पुढच्या घरी मी गेलेच नाही. सगळीकडे घंटा वाजत होत्या, सगळीकडे देव बसला होता. देव एवढ्या घरांत बसला होता की आम्हाला टेकायला जागा नव्हती.

भाटकारांचं घर उंच जोत्यावर. समोर चढायला पायऱ्या, वर दोन बाजूंना बसायचे कट्टे, आणि आत बैठकीची साल. सालीत गणपती, डोक्यावर रानातल्या फळांची माटोळी. ती फळं दर वर्षी मीच आणून देते. आरतीची तयारी चालली होती. मुलगा गौरेश सोवळ्यात, भटजी पाटावर, भाटकारांची बायको चंद्रावतीवैनी दाराआड. मी पायरीखाली उभी राहिले आणि हाक मारली.

"भाटकार, शांतारामाक दार लावूक सांगा."

भाटकार बाहेर आले आणि आम्हाला बघून जागच्या जागी थबकले. "मालती! वयर चडूं नाका! थंयच राव!" मग जरा वेळाने त्यांना आठवलं. "तुमी गांवाक वचूंक ना?"

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. माणूस इतका सहज कसा विसरतो?

"गावाक कशे जातलव? आमका सुयेर आसा. तुमीच माका रस्त्यात सांगलास, घराक येव नको. सुयेर असलेला माणूस चवथीक गावाक जाता काय? तुमका ठावक होता आमी खोलयेत आसव. सुयेर पाळूच्या टायमाक आमी होतव, आणि पाणी सोडूच्या टायमाक खाली कोण नाय?"

शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमली. भाटकारांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आयक मालती. बाजारांत पाणी भरलें जाल्यार सगळ्यांचें नश्ट. गोदामांत तांदूळ आसा, गोड आसा, साकर आसा. शाराचो विचार करूंक जाय."

"आणि आमी?"

"तुमचें कितें आसा थंय? चार आयदनां."

चार आयदनां. चार भांडी. मी त्यांच्या घरची भांडी घासते म्हणून असेल, माझ्याकडे दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यात येईना. त्या खोलीत माझं लग्नातलं लुगडं होतं, निलेशचं लायसन होतं, कोमलने सात महिने बसून शिवलेल्या दुपट्यांचा गठ्ठा होता, बाळंतिणीचा डिंक-हळीव होता. आजूबाजूच्या खोल्यांतून कुलपं लावून गेलेल्या माणसांचं सगळं घर होतं, आणि ती माणसं त्या क्षणी आपापल्या गावी गणपतीसमोर हात जोडून, सगळं बरं होऊ दे म्हणत होती. आता तिथे पाणी शिरत होतं. मी एक पायरी चढले.

"मालती!"

"दार लावा, आमी परत आमच्या घराक जातव. नाय लावलास तर आमी येतव आत."

"गौरेश, आडाय तिका!"

गौरेश दोन्ही हात पसरून पुढे आला. धडधाकट पोरगा, मला आणि कोमलला एका हाताने खाली ढकललं असतं. पण ढकलायचं तर शिवायला हवं, आणि शिवलं की सोवळं गेलं, आंघोळ आली, आरती खोळंबली. मी पायरी चढले. तो एक पायरी मागे गेला. मी आणखी एक चढले. कोमल माझ्या दंडाला धरून, बाळ माझ्या छातीशी. त्याचे हात आमच्यापासून वीतभर अंतरावर हवेतच राहिले.

"लाव हात," मी म्हटलं. "लाव रे झिला. भिजलेली बाळातीण आसा, चांगलो विटाळ होतलो."

तो मागे मागे जात दाराला टेकला. माझ्या उभ्या जन्मात समोरची माणसं मला अशी वाट देत मागे सरली नव्हती. मंत्र्याला रोज असंच वाटत असावं. मी उंबरठ्याशी थांबले. आतून कापराचा वास येत होता, गणपती माझ्याकडे बघत होता, आणि मला अगदी खात्री होती की आता भाटकार मोडणार. या माणसाचं सोवळं मी वीस वर्षं बघत आले होते. पूजेचं पाणी दुसऱ्या कोणी भरलेलं चालत नाही, नैवेद्याच्या ताटावरून माशी गेली तर ताट बदलतात. देव बाटू नये म्हणून हा माणूस ते दार नक्की लावेल, असा माझा हिशेब होता.

भाटकारांनी गणपतीकडे बघितलं. मग खिडकीतून बाहेर, गोदामाकडे बघितलं. तिथे ते बराच वेळ बघत राहिले. मग वळले तेव्हा त्यांचा चेहरा मऊ झाला होता.

"भटजी," ते म्हणाले, "आपदेच्या वेळार सुयेर लागता?"

भटजींनी उपरणं सारखं केलं. "आपत्काळात दोष नाही," ते म्हणाले. "शास्त्रात सोय आहे. मागाहून गोमूत्र शिंपडून घेऊ."

"मग ये गो मालती. भितर ये. सुनेक घेवन ये. आपलेंच घर."

मला बघून रस्त्याच्या पलीकडे पळणारा माणूस मला आपलंच घर म्हणत होता. देवाला विटाळ चालत होता. तांदळाला पाणी चालत नव्हतं. मला वाटलं होतं हा देवाला घाबरतो, म्हणून मी देवाची भीती घातली. हा देवाला कधीच घाबरत नव्हता. आणि शास्त्रातली ती सोय एवढी हाताशी होती तर मघाशी टीचरच्या दारात कुठे गेली होती?

मागे फिरावंसं फार वाटलं. पण कोमलच्या पायांवरून पाण्याबरोबर रक्त ओघळत होतं, तिचे दात वाजत होते, आणि बाळ रडायचं थांबलं होतं. बाळ रडायचं थांबतं तेव्हा बाईने मान ठेवायचा की बाळ ठेवायचं? मी उंबरठा ओलांडला.

चंद्रावतीवैनी पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही, भटजींनाही नाही, सरळ माझ्या हातातून बाळ घेतलं, पिशवी काढली, पदराने पुसलं आणि छातीशी धरून चोळायला लागल्या. बाळ रडलं. कोमलला कोरडं लुगडं दिलं, भिंतीकडेला चटईवर निजवलं, गरम पेज आणली. तोंड असं आवळलं होतं की बोलल्या असत्या तर सगळं घर ऐकत राहिलं असतं. मी त्यांच्या पाया पडले. त्या माझ्याकडे बघू शकल्या नाहीत.

आरती सुरू झाली. भाटकारांच्या हातात तबक, गौरेश झांजा वाजवत, भटजी घंटा. मी खिडकीपाशी उभी होते. तिथून आमच्या खोल्यांची कौलं दिसतात. तेवढ्यात दारात शांताराम आला, नखशिखांत भिजलेला.

"भाटकारानूं," तो म्हणाला, "खाला पाणी जनेलांक पावलां. मालती हांगां पावली म्हूण आयकलें. आतां दार लावूं?"

खोल्यांच्या खिडक्यांना पाणी लागलं होतं, आणि भाटकारांनी तबक ओवाळायचं थांबवलं नाही.

"कित्याक?" ते म्हणाले. "आतां खाला कोण ना न्हय? सगळीं हांगां आसात. उगडेंच दवर."

आणि माझ्याकडे बघून हसले. उपकार केल्यावर माणूस हसतो तसं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय केलं ते. मघाशी त्यांचं ते वाक्य खोटं होतं. मी माझ्या पायांनी चालत येऊन, सुनेला आणि नातीला घेऊन येऊन ते खरं करून दिलं होतं. म्हणूनच आत घेतलं. पेज मिळाली, चटई मिळाली, आणि त्याच्या बदल्यात आमची अख्खी ओळ रिकामी म्हणून मोकळी झाली. एवढा संताप मला बाळंतपणाच्या कळांतही आला नव्हता. कानांत घंटा वाजत होती आणि मला ते तबक त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावंसं वाटत होतं.

मी कोमलपाशी गेले.

"तू हयच ऱ्हव. चेडवाक पाज."

"आये, तुमी खय चललास?"

"घराक."

चंद्रावतीवैनींनी मान वर केली. त्यांच्या मांडीवर बाळ होतं. त्यांनी मला अडवलं नाही, उलट सरकून दार मोकळं केलं. मी पायऱ्या उतरले, बाजारातून भिंतीपर्यंत गेले. माझ्या मागून शांताराम येत होता. तो वर चाकापाशी गेला, आणि मी पलीकडच्या पायऱ्यांनी खाली पाण्यात.

पाणी कमरेवर होतं आणि दारातून येणारा लोट पाय उपटून टाकत होता. खोल्यांच्या भिंती धरत धरत मी आमच्या दाराशी आले. आत अंधार, खाट तरंगत वर आलेली, कोमलची दुपटी पाण्यावर पसरलेली. आत जाऊन करायचं काही उरलं नव्हतं. मी बाहेरच, खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून उभी राहिले, शांतारामला दिसेन अशी.

"शांताराम!" मी ओरडले. "बघ हय! कोण आसा बघ!"

"मालती, वयर यो! व्हांवन वतलें गो!" तो वरून ओरडला.

"आदी दार लाव!"

आरडाओरडा ऐकून भिंतीवर माणसं आली. टीचर आली, छत्रीशिवाय. भाटकार आले, खांद्यावर उपरणं, कपाळाला ताजं गंध. गौरेश त्यांच्या मागे. सगळे वरून बघत होते आणि मी खालून. पाणी छातीला लागलं. माझा एक हात सुटला तेव्हा वरून बायका ओरडल्या. मी परत गज धरला.

"पिशी जाल्या तूं?" भाटकार ओरडले. "वयर यो! तुका घरांत घेतलां न्हय? आनीक कितें जाय तुका?"

"ह्या माझा घर आसा!" मी ओरडले. "तुमी भाडा घेतास ह्याचा! मी माझ्या घरात उबी आसंय! बुडवा आता, सगळे बघतहत!"

मग शांतारामने अंगावरचं प्लास्टिक काढून टाकलं आणि चाकाला दोन्ही हात घातले.

"शांताराम!" भाटकार त्याच्यावर धावले. "म्हजें गोदाम वतलें! चाकाक हात लायलो जाल्यार फाल्यां कामार येवं नाका!"

"भाटकारानूं," शांताराम म्हणाला. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. "खाला मनीस आसा."

आणि तो चाक फिरवायला लागला.